झालं का हो?

९ जानेवारी

आजपासून लिहायचं. चिमीचा हुकूम आहे. "बाबा, काय जोडलं, कधी जोडलं, सगळं लिहून ठेवा. काही अडलं तर कुठे चुकलं ते सापडेल." मी म्हटलं, उभ्या आयुष्यात पियानो जुळवताना मला कधी लिहून ठेवावं लागलं नाही, माझे कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "कॉम्प्युटर कानांनी जोडत नाहीत." लेक कोणाची! उत्तर तयारच.

मूळ गोष्ट हिच्या टेपांची. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बुटांच्या खोक्यांत भरून ठेवल्यात. ही गेल्याला वर्ष होऊन गेलं, मी एकही लावली नव्हती. धीरच होत नव्हता. परवा एक लावली. गातेय हीच, पण जाड गोधडी पांघरून गातेय. वरचे सूर तर कुठे दिसतच नाहीत. टेपा अशाच मरतात म्हणे, पडून पडून. चिमीला फोन करून सांगितलं की तुझी आई खोक्यात बसून विरतेय, काहीतरी कर.

ती म्हणाली, "उतरवून घेऊ. पण नवा कॉम्प्युटर नका घेऊ, जुने सुटे भाग आणा आणि स्वतः जोडा. मी फोनवर सांगते." आणि गाणी उतरवून झाली की त्याचाच सर्व्हर करायचा. सर्व्हर म्हणजे काय, विचारलं. म्हणाली, घरात कोपऱ्यात सदा चालू राहणारा कॉम्प्युटर. गाणी आपल्या घरात राहतील आणि ती तिकडे तिच्या घरी बसून ऐकेल. "दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर आईला नको ठेवायला, बाबा. घरातच राहू दे." एवढं ऐकल्यावर मी कसला नाही म्हणतोय?

१२ जानेवारी

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आलो. दुकान कसलं, बोळ आहे. दोन्ही बाजूंना छताला टेकलेले डबे, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि शेवटाला चष्मा कपाळावर चढवलेली दुकानवाली बाई. चिमीने सांगितलेला कागद पुढे केला. वाचून म्हणाली, "काका, गेम खेळणार का या वयात?"

"गाणी ठेवायचीत."

"कोणाची?"

"बायकोची."

मग तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आधी काढलेला मदरबोर्ड परत ठेवून आतून दुसरा, चांगला आणला. कॉम्प्युटरचा डबा मात्र कळकट आहे, एका बाजूला पोचा आलाय. हार्ड डिस्क छोटी मिळाली, मोठी परवडण्यातली नव्हती. पंखा देताना म्हणाली, "हा किंचाळतो, आधीच सांगून ठेवते. मागाहून आणून माझ्या टेबलावर आपटायचा नाही."

सगळं सामान कापडी पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे. मी म्हटलं, कॉम्प्युटर. तो हसला. त्याला वाटलं, गंमत करतोय.

१३ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि सगळं मांडलं. मजा वाटली, हे मान्य करायला हवं. पियानो पहिल्यांदा उघडून आत पाहिला होता, वडील पाठीशी उभे होते, तेव्हा असंच वाटलं होतं. प्रोसेसर दोन बोटांवर मावेल एवढा, आणि त्याच्या जागेचे दात इतके नाजूक की श्वास रोखून बसवला. "जोर लावायचा नाही, त्याचा तोच बसतो," चिमी सांगत होती. मी म्हटलं, बाळा, खुंटी फिरवण्यात हयात गेली, जोर कुठे लावायचा ते मला शिकवू नकोस. मेमरीच्या पट्टीला मात्र जोर लावायचा असतो म्हणे. मी आपली अलगदच बसवली.

१४ जानेवारी

बटण दाबलं, पडदा काळाच. पंख्याचं पातं फिरतंय, दिवा लागलाय, आणि पुढे ढिम्म.

चिमी फोनवर होती. म्हणाली, "बाबा, बीप येतोय. सारखा."

"तुझ्याकडचा असेल. इथे काही नाही."

"नाही हो, तुमच्याकडचाच आहे. बारीक शिट्टीसारखा. खरंच नाही ऐकू येत?"

मी म्हटलं, अगं, माझ्या कानांवर विसंबून लोकांनी पियानो सोपवले, मला शिट्टी ऐकू येणार नाही होय? फोनमध्येच काहीतरी घोळ असणार. तिने वाद घातला नाही. मग म्हणाली, मेमरीची पट्टी काढा आणि दोन्ही टोकं खाली जाईपर्यंत दाबून बसवा. तसं केलं आणि पडद्यावर अक्षरं आली. जीव भांड्यात पडला.

लहान मुलासारखी टाळी वाजवली मी. घरात कोणी नाही, म्हणून लिहितोय.

१६ जानेवारी

दुकानवाली बाई उगाच घाबरवत होती. पंखा मांजराच्या पावलाने चालतो. हात लावला तर थरथर लागते, आवाज म्हणून नाही. चांगला मिळाला.

खालच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्याकडे हल्ली दिवसभर काय दळत असतं?" या गृहस्थांचं आणि माझं कधी जमलंच नाही. पूर्वी पियानोवरून बोलायचे, आता कॉम्प्युटर दिसला असेल.

१९ जानेवारी

आज कॉम्प्युटर बंद. संगीतशाळेतल्या बाईंचा फोन आला होता म्हणून सकाळीच गेलो. गेल्याच महिन्यात त्यांचा मोठा पियानो जुळवून आलोय, तर म्हणे वरच्या पट्ट्या परत बघा. वाजवून पाहिल्या, मला ठीक वाटल्या. तरी दोन तासांत सगळ्या पुन्हा ताणून दिल्या. बाई जवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, राहू दे आता." तोंड मात्र गोड नव्हतं. खोलीत ओल आहे, लाकूड हलतं, तार उतरते, हे यांना कितीदा सांगायचं?

ही असताना असं दुसऱ्यांदा बोलावणं कधी आलं नाही. शेवटची काही वर्षं ही माझ्याबरोबर कामाला यायची. घरी एकटीला करमत नाही म्हणायची. कोपऱ्यात स्टूल घेऊन विणत बसायची आणि मी वरच्या पट्ट्यांशी पोचलो की हिची भुणभुण सुरू. "झालं का हो?" एकेका तारेला "झालं का हो?" मी वैतागून "झालं, झालं" म्हणायचो आणि पुढच्या तारेला हात घालायचो. त्या काळात हिला भारी घाई सुटली होती. आता घाई करायला कोणी नाही, तर काम परत परत करावं लागतंय.

येताना एकटाच बसमध्ये होतो, शेजारची जागा रिकामी होती. रडू आलं.

२१ जानेवारी

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या भोकात. एवढंच. मी समजत होतो काय दिव्य असेल.

पहिल्यांदा चुकलं तर चुकू दे, म्हणून सगळ्यांत बिनकामाची टेप घेतली. चिमी शेवटची सुट्टीवर आली होती तेव्हाची. ही तेव्हा आजारी, गायचा दम नव्हता. चिमीने उगाच रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. नुसत्या गप्पा, त्याही अर्ध्या. मागे बाहेरच्या खोलीत मी घरचा पियानो जुळवतोय ते ऐकू येतं. मधे बराच वेळ काहीच नाही, टेप कोरी फिरते, आणि मग हिचं "झालं का हो?" आणि माझं बाहेरून "झालं!" अंथरुणातूनही घाई! हसू आलं. गाणं नव्हतं म्हणून त्यावर काही केलं नाही. 'चाचणी' नाव देऊन ठेवून दिलं.

चिमीला सांगितलं. तिने विचारलं, "कोणती टेप लावलीत?" सांगितलं.

"पूर्ण ऐकलीत?"

"ऐकली की. मधे रिकामी आहे."

"रिकामी आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, जेवून घ्या.

२४ जानेवारी

आज खरी सुरुवात. हिने चिमीला झोपवताना म्हटलेलं गाणं. उतरलं तर होतं, पण तेच, गोधडीखालचं. मग चिमीने जो प्रोग्राम घालायला सांगितला होता त्यात शोधाशोध केली. पडद्यावर उभ्या दांड्यांची रांग येते, डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. हे मला कोणी शिकवायला नको. उजवीकडच्या दांड्या हळूहळू वर चढवल्या. जरा उघडल्यासारखं वाटलं. आणखी चढवल्या. वरपर्यंत गेल्या तेव्हा ते साठवलं आणि पुन्हा त्याच्यावर तेच केलं. आणि आली! अगदी पहिल्यासारखी, ओळीच्या शेवटी सूर वर उचलून सोडायची तिची लकब, सगळी. डोळे मिटून ऐकलं. वाटलं, ही आत ओट्याशी उभी आहे.

कॉम्प्युटर विचारतो, जुन्याच्या जागी हेच ठेवू का? डिस्क छोटी, दोन दोन कुठे ठेवणार? हो म्हटलं.

३० जानेवारी

रोज दोन-तीन टेपा होतात. हात बसला आहे. मापं बघायची नाहीत, कान लावायचा आणि ती तिच्यासारखी वाटली की थांबायचं. चिमी म्हणाली, एखादं गाणं पाठवा ना ऐकायला. मी म्हटलं, अर्धा जुळवलेला पियानो मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. सगळं झालं की सर्व्हर चालू करू आणि तेव्हाच ऐक.

संगीतशाळेवरून गेलो. आतून पियानोचा आवाज आला. कोणीतरी दुसराच माणूस झाकण उघडून बसला होता, बाजूला माझ्यासारखीच पिशवी. मी आत गेलो नाही.

घरी येऊन चार टेपा केल्या. माझे कान अजून काय करू शकतात ते यांना कुठे माहीत आहे?

६ फेब्रुवारी

शेवटची टेप झाली. दुपारी सगळ्या टेपा टेबलावर काढल्या आणि आमच्या धंद्याची रीत पाळली. नवी तार बसवली की जुनी जागच्या जागी कापायची, तुकडे तुकडे करून. वडिलांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मेलेली तार शाबूत ठेवली की कोणीतरी ती कधीतरी दुसऱ्या वाद्यात घालतो आणि ते वाद्य बिघडतं. मी चाळीस वर्षांत एकही जुनी तार शाबूत घराबाहेर जाऊ दिलेली नाही.

एकेक टेप ओढून बाहेर काढली आणि तार कापायच्या पकडीने कापली. तपकिरी फितीचा ढीग झाला. जरा चर्रर्र झालं, नाही असं नाही. तिच्या अक्षरातली नावं होती वर. पण तिला विरलेल्या आवाजात कोणी ऐकावं हे मला नको होतं. कचऱ्याची गाडी आली तेव्हा स्वतः खाली नेऊन दिलं.

९ फेब्रुवारी

सर्व्हर चालू झाला. अर्धा दिवस चिमीने हे दाबा, ते लिहा, करून नाकी नऊ आणले, पण झाला. तिकडून म्हणाली, "दिसतंय बाबा! सगळी नावं दिसतायत!" कॉम्प्युटर हिच्या शिवणयंत्राच्या टेबलावर, खिडकीशी. छोटा निळा दिवा लुकलुकतो. मी म्हटलं, लाव आता.

तिने लावलं. फोनवर मला काही ऐकू आलं नाही, ती ऐकत होती. मग तिचा रडण्याचा आवाज आला. खूप रडली. मीही रडलो. म्हटलं, "बघ, पहिल्यासारखी आहे की नाही?"

रडं आवरून म्हणाली, "बाबा, मूळ टेपा आहेत ना नीट?"

मी सांगितलं. रीत सांगितली, तिला लहानपणापासून माहीत आहेच.

तिने परत विचारलं, सगळ्या? सगळ्या, म्हटलं. मग म्हणाली, "छान केलंत, बाबा. किती मेहनत घेतलीत." आणि फोन ठेवला. आज मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

१७ फेब्रुवारी

एक गंमत. म्हणजे गंमत नाही, जरा लागलंच मला. चिमीला विचारलं, रोज ऐकतेस ना? म्हणाली, "रोज ऐकते." कोणतं गाणं? आढेवेढे घेतले आणि म्हणाली, "ती चाचणी." एवढी गाणी मी जीव ओतून उजळवली, आणि ही काय ऐकते, तर अर्ध्या गप्पा आणि कोरी टेप! मी म्हटलं, तुला गाण्यातलं काही कळत नाही. म्हणाली, "नाहीच कळत बाबा. आईला कळायचं."

२ मार्च

चिमी आली, न सांगता. घरात पाय ठेवला आणि पहिल्यांदा कानांवर हात ठेवला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, प्रवासाने डोकं दुखतंय. मग खिडकीशी गेली, डब्यावर हात ठेवून उभी राहिली. बारीक झालीय.

जेवताना म्हणाली, उद्या माझ्याबरोबर कानांच्या डॉक्टरकडे चला. तुमच्या वयात सगळेच दाखवतात. मी म्हटलं, सगळे पियानो जुळवतात का? ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "माझ्यासाठी चला." हे शस्त्र तिने आईकडून घेतलंय.

३ मार्च

काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर जाड हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला खालचे सूर आले, दाबलं. त्याच्या वरचे आले, दाबलं. मग काहीच येईना. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत होत्या, चिमी माझ्याकडे बघत होती. शेवटी कंटाळून मी ओरडलो, "पुढचं कधी सुरू करणार?"

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "काका, झालंसुद्धा."

पुढचं मी ऐकलं, पण लिहीत नाही. बऱ्याच वर्षांचं आहे म्हणाल्या. हळूहळू जातं, ज्याचं जातं त्याला कळत नाही. त्यांचं यंत्र खराब असेल, असं मी दोनदा बोललो. येताना चिमीने माझा हात धरला होता, रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

५ मार्च

चिमी गेली. कानातलं यंत्र मिळायला आठवडा लागेल. निघताना म्हणाली, "यंत्र आलं की आधी बाहेर फिरा, सवय करा. गाणी मात्र लावू नका. मी येईन तेव्हा मिळून ऐकू. शब्द द्या." मी दिला. तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी खटकलं, पण म्हटलं, विचारायचं नाही.

१३ मार्च

यंत्र घातलं. दवाखान्याबाहेर पडलो तर माझ्या चपलांचा आवाज. झाडाखाली थांबलो, पानं वाजतात. हे कधीपासून बंद होतं? कोणी खिशातून किल्ल्या काढल्या, एका बाळाने लांब कुठेतरी किंकाळी मारली, सगळं येऊन कानात टोचत होतं.

जिना चढताना वर कोणाच्या तरी घरात काहीतरी करकरत दळल्यासारखं ऐकू येऊ लागलं. वर येत गेलो तसं वाढत गेलं. माझ्याच दारातून येत होतं. पंखा. गेले दोन महिने हा असा किंचाळतोय. खालचे शेजारी या आवाजाखाली झोपलेत, आणि मी त्यांना मनात काय काय बोललो.

मग मी खुर्चीवर बसलो. शब्द दिला होता, पण राहवेना. पंख्याचं असं, तर गाण्याचं काय? चिमीला झोपवण्याचं गाणं लावलं.

हा हिचा आवाज नव्हे. पत्रा फाडल्यासारखं काहीतरी आहे. 'स' आला की सुरी फिरते. ओळीच्या शेवटी ती जो सूर उचलायची तिथे नुसती फाटकी शिट्टी. दुसरं लावलं, तेही तसंच. सगळी लावली. माझ्या हाताने केलेली आहेत, सगळी सारखीच आहेत.

१४ मार्च

दुकानवाल्या बाईकडे गेलो. पेनड्राइव्हवर एक गाणं नेलं होतं. तिने लावलं आणि लगेच बंद केलं. मी विचारलं, दांड्या परत खाली आणल्या तर? तिने करून बघितलं, मन लावून, दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून. शेवटी म्हणाली, "खाली येतं काका, पण चढवताना वरचं छाटलं गेलंय. छाटलेलं परत कुठून आणू? मूळ टेपा आणा, मी स्वतः उतरवून देते."

मी म्हटलं, बघतो.

दुसरा पंखा दिला तिने. पैसे घेईना. हा आवाज करत नाही म्हणाली, मी कानाशी धरून खात्री करून घेतली.

१५ मार्च

टेपा मेल्या नव्हत्या. मीच मेलेली तार होतो. चांगल्या तारा मी कापल्या.

१८ मार्च

चिमीला सांगितलं. म्हटलं, मी ऐकलं. ती म्हणाली, शब्द दिला होता ना, आणि रडायला लागली. मी म्हटलं, तू 'छान केलंत' का म्हणालीस? म्हणाली, "मग काय म्हणणार होते, बाबा? तुम्ही किती दिवसांनी हसला होतात." आणि म्हणाली, "चूक माझी आहे. टेपा ठेवा म्हणून सांगायला हवं होतं. तुम्हाला तारा कापताना मी लहानपणापासून बघितलंय. मला सुचायला हवं होतं."

आम्ही दोघं त्या चुकीसाठी भांडत बसलो, माझी, नाही माझी. ही असती तर दोघांना गप्प केलं असतं.

मग चिमी म्हणाली, "बाबा, चाचणी ऐका. यंत्र घालून. पूर्ण ऐका."

मी म्हटलं, नको. आता तिचा आवाज नको मला.

"तो आहे तसाच आहे, बाबा. त्याला तुम्ही हात लावलेला नाही."

२० मार्च

दोन दिवस लावलं नाही. आज सकाळी चहा केला, खिडकीशी बसलो आणि लावलं.

आधी हिचं बोलणं. थकलेलं, पण हिचंच, जसं होतं तसं. मागे मी बाहेरच्या खोलीत एकच वरची पट्टी परत परत वाजवतोय. मग ती कोरी जागा आली.

कोरी नाहीच. ही कुजबुजतेय.

"अजून खाली आहे... अजून जरा... थांब... हं, आला." आणि लगेच मोठ्याने, "झालं का हो?"

आणि बाहेरून माझा आवाज, तोऱ्यात, "झालं!"

चिमी हळूच विचारते, "आई, बाबांना माहीत आहे?"

"नाही. आणि सांगायचं नाहीस. कान म्हणजे जीव आहे त्यांचा."

"असं किती दिवस चालायचं?"

"मी आहे तोवर चालतंय."

"आणि मग?"

मी बाहेर पुढची पट्टी वाजवायला घेतलीय. मग ही म्हणते, "मग तू विचारत जा. झालं का म्हणून. चिडतील, पण हात थांबतो त्यांचा बरोबर."

थोडं हसणं. मग खोकला. मग टेप संपते.

तीच पुन्हा लावली. दिवसभर तीच लावली. सगळी वर्षं तिचा स्वेटर विणून होत नव्हता म्हणून मी तिला चिडवायचो. ती विणत नव्हतीच.

गाणी गेली. तिचं एवढंच उरलं, तेही बिनकामाचं समजून मी हात लावला नाही म्हणून. आज रडलो तेवढा ती गेली तेव्हाही रडलो नव्हतो.

२३ मार्च

खराब गाणी पुसून टाकायचं ठरवलं होतं, सकाळी बसलोही होतो. पुसली नाहीत. सर्व्हरवर आहेत, निळा दिवा लुकलुकतो आहे, राहू देत. चिमीला 'चाचणी'चं नाव बदलू का विचारलं. नको म्हणाली.

दुपारी घरच्या पियानोचं झाकण उघडलं. पुष्कळ महिन्यांनी. खुंट्या फिरवायची किल्ली काढली, तारा दाबून धरायच्या पाचरा काढल्या, फोन पियानोवर ठेवला, पलीकडे चिमी. तिला म्हटलं, काम आहे तुला? म्हणाली, नाही, वाजवा. ती काय करतेय ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला.

खालच्या, मधल्या झाल्या. वरच्या पट्ट्यांशी आलो. यंत्रातून सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, पण येतो. पहिली तार हळूहळू ताणायला घेतली, वाजवत, ताणत, वाजवत. फोनमधून चिमीचा श्वास ऐकू येत होता. खूप मन लावून ऐकत होती बिचारी.

"झालं का हो, बाबा?"

तिला आईचा कान नाही. घाईने विचारलं तिने. सूर अजून खाली होता, मलासुद्धा कळत होतं.

मी हात थांबवला. म्हटलं, "झालं," आणि पुढच्या तारेला किल्ली लावली.